पेंडुरकरांच्या नावाचं पान

नेरूळच्या सुमेरू सोसायटीत दिनानाथ पेंडुरकर राहत होते, पण त्यांना दिनानाथ म्हणणारं माणूस जगात एकही नव्हतं. सोसायटीतल्या पोरांचे ते पेंडुरकर काका. द्रोणागिरीच्या ज्या गोदामात कंटेनरचे कागद निपटता निपटता त्यांचे केस पिकले, तिथे ते नुसते पेंडुरकर होते आणि साहेबाचं डोकं फिरलं की मिस्टर पेंडुरकर. आईने शेवटपर्यंत दिनू म्हटलं. सासरे जावईबापू म्हणत. आणि बायको, वैजयंतीबाई, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या, परिषदांमधून इंग्रजीत भाषणं ठोकणाऱ्या, त्या लग्न झाल्या दिवसापासून त्यांना 'अहो' म्हणत आल्या. फार लांब असले तर 'अहो, ऐकलंत का'. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं हे मालवणात त्यांच्या आईने त्यांच्या अंगात असं काही मुरवलं होतं की पीएचडी झाली तरी ते उतरलं नाही. बँकेत कोणी नवऱ्याचं नाव विचारलं की बाई पेन मागायच्या आणि लिहून दाखवायच्या.

वैजयंतीबाई निवृत्त झाल्या तेव्हा शेजारणींना वाटलं होतं, आता ह्या भजनी मंडळात येतील. त्या दगड बघत बसल्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या महाराष्ट्रात लाव्हा वाहत होता. तो मधूनच थांबायचा, निवायचा, वर तळी साचायची, तळ्याकाठी झाडं यायची. त्या झाडांची पानं चिखलात पडली, वरून पुन्हा लाव्हा आला आणि चिखलाचा दगड झाला. तो दगड नीट फोडला तर कधी कधी आत पानाचा ठसा मिळतो, शिरांसकट. हे पान कुठल्या झाडाचं, ते सांगणं हा बाईंचा उद्योग. फूल मिळत नाही, फळ क्वचित मिळतं, हाती असतात त्या नुसत्या शिरा. मधली शीर कशी गेली आहे, बाजूच्या शिरा कडेपर्यंत पोचतात की कडेच्या अलीकडेच एकमेकींचा हात धरतात, यावरून कूळ काढायचं. सोयरीक जुळवणाऱ्या बायका नाकाच्या ठेवणीवरून घराणं ओळखतात, त्यातलाच प्रकार.

जुनं पान ओळखायला आजची पानं शेजारी ठेवावी लागतात, आणि तीही उघडी केलेली. म्हणजे पान कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मंद उकळायचं, त्याचा हिरवेपणा काढून टाकायचा, उरलेल्या जाळीला लाल रंग द्यायचा आणि ती दोन काचांमध्ये बसवायची. हे सगळं पेंडुरकरांच्या स्वयंपाकघरात चालायचं. त्यासाठी एक पातेलं वेगळं होतं, त्याच्या बुडाला पेंडुरकरांनी लाल ऑइलपेंटने फुली मारली होती. एकदा त्यांच्या बहिणीने नेमक्या त्याच पातेल्यात चहाचं आधण ठेवलं, आणि तेव्हापासून ती चहा घेऊन झाल्यावरच त्यांच्याकडे येते.

पानं आणून देण्याचं खातं मात्र पेंडुरकरांचं. दर रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन बाहेर पडायचे. पारसिकच्या टेकडीवर, खारघरच्या ओढ्यांशी, कधी मोऱ्याच्या वाटेवर, जिथे झाड दिसेल तिथून. बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं. शेंड्याची पानं उन्हात तापून लहान राहतात, जाड होतात. खालची सावलीतली पानं मोठी आणि पातळ असतात. झाड एक असलं तरी पानं दोन तऱ्हांची. तेव्हा प्रत्येक झाडाची दोन पाकिटं हवीत, एक वरच्या पानांचं, एक खालच्या. पेंडुरकर हो म्हणाले. गोदामात सगळा जन्म हो म्हणण्यातच गेला होता. त्यांनी न चुकता दोन पाकिटं आणली, एकावर 'वर' लिहिलं, दुसऱ्यावर 'खाली', तेही छापल्यासारख्या अक्षरात. असं करता करता घरात काचांची तीन कपाटं भरली.

मग अक्षता आली. अक्षता गजभारे पूर्वी बाईंची विद्यार्थिनी होती, आता पनवेलला स्वतः शिकवते. नांदेडकडे तिच्या मामाची विहीर खोदत असताना पानांचे ठसे असलेले दगड निघाले. मामा ते बांधाला लावणार होता, भाचीने हातापाया पडून ते जीपमध्ये घालून आणले. दगडांत दोन प्रकारची पानं होती. एक रुंद, जांभळाच्या कुळातलं. त्याला फार पूर्वी कोणा अभ्यासकाने नाव देऊन ठेवलेलं होतं. दुसरं त्याच कुळातलं, पण आखूड, जाड, शिरांची वीण घट्ट. बाई महिनाभर त्याच्यामागे लागल्या. हिशेब तसा साधा होता. आजच्या एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या पानांत जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक या दोन दगडी पानांत असेल, तर जाती दोन. त्यांनी कपाटातली जांभूळवर्गातली सगळी पाकिटं काढून मोजली. वरची आणि खालची पानं अगदी सारखी होती. दगडातली मात्र कितीतरी वेगळी. म्हणजे हे पान नवीन होतं, आजवर कोणी न पाहिलेलं, आणि त्याला नाव देण्याचा मान यांचा होता.

कोणाचं नाव द्यायचं, असं अक्षताने फोनवर विचारलं. पेंडुरकर स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. बाहेरून बायकोचा आवाज आला, स्वच्छ, ठणठणीत, वर्गात हजेरी घेतल्यासारखा.

"दिनानाथी. शेवटी ई लागते. दिनानाथी म्हणायचं."

पेंडुरकरांच्या हातातली पाकळी खाली पडली ती त्यांनी उचललीच नाही. शास्त्रात माणसाचं नाव असं जातीला देतात हे त्यांना माहीत होतं. पण त्यांच्या कानात शास्त्र नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदा बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकलं होतं, आणि ते त्यांना इतकं गोड लागलं की ते तिथेच ओट्याला टेकून उभे राहिले.

पुढचे दोन महिने मोठ्या सुखाचे गेले. बाई दिवसातून चार-चारदा ते नाव घ्यायच्या. "दिनानाथीची कड जरा जाड आहे." "दिनानाथीचा फोटो पुन्हा काढायला हवा." एकदा तर, "हा दिनानाथी काही केल्या ताठ बसत नाही." पेंडुरकर वर्तमानपत्राआड बसून ऐकायचे. मध्येच मुद्दाम विचारायचे, ते नवीन पान कसं आहे, म्हणजे उत्तरात नाव यायचं. म्हातारा चळला होता म्हणा ना. पानाचा फोटो त्यांनी मोबाइलवर लावून घेतला आणि लेख एका परदेशी नियतकालिकाने स्वीकारल्याचं कळलं त्याच संध्याकाळी पेढे घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी मधुकर भगत यांचं दार वाजवलं. आता भगत म्हणजे निमित्ताला टपलेला माणूस. त्यांनी लगोलग सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की आपल्या पेंडुरकर काकांच्या नावाने साडेसहा कोटी वर्षं जुनं झाड सापडलं आहे, आणि येत्या रविवारी सत्कार जाहीर केला. शाल, श्रीफळ, वडापाव.

शुक्रवारी पालिकेची गाडी आली. पावसाळ्याच्या तोंडावर झाडांची छाटणी असते, फांदी पडून गाड्या चेपू नयेत म्हणून. गेटजवळच्या मोठ्या जांभळाला पाळणा लावून माणसं वर चढली आणि शेंडा खाली आला. पेंडुरकर सवयीने पिशवी घेऊन गेले. आयती पानं मिळत होती, तीही वरची. त्यांनी शेंड्याची एक डहाळी उचलली आणि बघतच राहिले. आखूड पानं, जाड, चामड्यासारखी, शिरांची वीण घट्ट. त्यांनी मोबाइल काढून शेजारी धरला. हुबेहूब तेच पान. त्यांचा पहिला विचार असा की अरे, आपला वंश अजून नेरूळमध्ये नांदतो आहे. छाती फुगवून ते वॉचमनला दाखवायलाही निघाले.

मग त्यांचं लक्ष त्या तोडलेल्या फांदीकडे गेलं. शेंड्याकडे पानं आखूड होती, बुडख्याकडे येता येता रुंद होत गेली होती. फांदी एकच. झाडही एकच, ज्याची दोन पाकिटं त्यांनी फार पूर्वी स्वतःच्या हाताने भरून दिली होती.

पेंडुरकर कट्ट्यावर बसले. त्यांची उंची बेताची, पाच फूट दोन इंच, तीही बूट घालून. 'खाली' म्हणजे कमरेजवळची पानं आणि 'वर' म्हणजे टाचा उंचावून हात जिथवर पोचेल तिथली, असा त्यांनी सरळ मनाने अर्थ लावला होता. फारच झालं तर दुचाकीच्या सीटवर उभं राहायचं. त्याच्याही वर झाड असतं हे त्यांना दिसत होतं, पण ते आपल्या खात्यात येतं असं कधी वाटलं नव्हतं. म्हणूनच बाईंच्या कपाटातली वरची आणि खालची पानं सारखी भरत होती. दोन्ही खालचीच होती. शेंड्याचं पान त्या घरात कधी आलंच नव्हतं, आणि आता दगडातून आलं तेव्हा बाईंना ते अनोळखी वाटलं. दिनानाथी नावाची जात कधी नव्हतीच. ते त्या जुन्या रुंद पानाच्या झाडाचं शेंड्याचं पान होतं, आणि जात जन्माला आली होती ती पेंडुरकरांच्या आखूड हातामुळे.

गाडी दुपारी पाला भरून जाणार होती. डहाळी त्या ढिगात टाकली असती तर विषय संपला असता. पेंडुरकरांनी ती टाकली नाही, पण वरही नेली नाही. स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि घरी जाऊन गप्प जेवले. बाईंनी विचारलं, बरं नाही का. म्हणाले, ऊन लागलं. त्या दुपारी बाई अक्षताशी फोनवर बोलताना दोनदा दिनानाथी म्हणाल्या आणि दोन्ही वेळा पेंडुरकर उठून पाणी पिऊन आले. लेख छापून आला की जगभरची शहाणी माणसं तो वाचणार. त्यातला एखादा झाडावर चढलेला निघाला तर तो बायकोच्या नावावर बोट ठेवणार. आणि सांगून टाकलं तर ती हाक बंद. रविवार जवळ आला होता, शाल आणून झाली होती. आपण गप्प राहिलो तर काय बिघडतं, असंही त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. ते पान साडेसहा कोटी वर्षं बिननावाचं गप्प पडलं होतं, त्याची काही तक्रार नव्हती. पण वैजयंतीबाईंनी आयुष्यात एकही पान अंदाजाने ओळखलं नव्हतं, आणि जन्मात एकदा त्या नवऱ्याचं नाव घेणार ते चुकीच्या जागी, हे काही त्यांना सोसेना.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी डहाळी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. टाचा, दुचाकी, पाकिटं, सगळं. बाईंनी भिंग लावलं. पानं उलटीपालटी केली, दगड काढला, शेजारी ठेवला, मग कपाटातली 'वर' लिहिलेली काच उजेडात धरली. पेंडुरकर आता बोलणी बसणार म्हणून खाली मान घालून उभे होते. आणि बाई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग लगेच अक्षताला फोन लावला, लेख मागे घे म्हणाल्या, आणि पुढची पंधरा मिनिटं अशा उत्साहात बोलत राहिल्या की कोणाला वाटावं यांना लॉटरी लागली. त्या जुन्या झाडाचं शेंड्यापासून बुडापर्यंत सगळं पान आता आपल्या हातात आहे, जुन्या अभ्यासकाकडे निम्मंच होतं, नवीन लेख याच्यापेक्षा सरस होईल, वगैरे. पलीकडून अक्षता म्हणाली, मॅम, मी मापं डोळे झाकून खरी धरली होती, चूक माझी पण आहे, आणि सरांना सांगा टेन्शन घेऊ नका.

पेंडुरकरांना मात्र ते हसणं लागलं. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाई फोन ठेवून मागे आल्या आणि त्यांनी विचारलं, अहो, रागावलात का. मी तुम्हाला हसले नाही, मलाच हसले. शेंडा बघायला मी एकदाही तुमच्याबरोबर आले नाही.

"मला पानाचं एवढं काही नाही, वैजू," पेंडुरकर म्हणाले. "तू दिवसातून चारदा माझं नाव घ्यायचीस. ते आता बंद होईल."

बाई गोंधळल्या. "मी पानाचं नाव घेत होते."

"ते माझंच होतं ना."

इतकी वर्षं बारीकसारीक शिरा वाचणाऱ्या बाईला ही एवढी ठळक शीर दिसली नव्हती, आणि ते त्यांना मनापासून लागलं. मग त्या म्हणाल्या, "घेऊन बघते." समोर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, घसा खाकरला. "दि," म्हणाल्या आणि तिथेच अडल्या. पुन्हा एकदा "दि" झालं. चेहरा लाल झाला, साठी उलटलेली बाई नव्या नवरीसारखी लाजून आत पळाली आणि आतून ओरडली, अहो, पोहे करू का. पेंडुरकर गॅलरीत एकटेच हसले. राग कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही.

रविवारचा सत्कार काही टळला नाही. पेंडुरकरांनी भगतांना झाला प्रकार सांगितला, तर भगत म्हणाले, "आता शाल आणली ना काका. दुकानवाला परत घेत नाय. विषय बदलू." त्यांनी विषय बदलला आणि पेंडुरकरांचा वृक्षप्रेमाबद्दल सत्कार केला, समोर गेटजवळ ते बोडकं जांभूळ उभं असताना. पेंडुरकरांनी शाल घेतली आणि दोन वडापावही खाल्ले.

आता प्रश्न होता तीन कपाटांचा. सगळी पाकिटं निम्मी खोटी, म्हणजे सगळी झाडं पुन्हा करायची, या वेळी खरोखर वरून. पेंडुरकर दिवाळे गावच्या कोळीवाड्यात गेले. तिथे त्यांना नेहमी मासळी देणारी रंजिता बाजारात बसली होती. तिच्या घरधन्याची होडीवरची लांब बांबूकाठी उसनी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. पाला काढायला हवी आहे हे ऐकून ती हसली. "काठी हाय, न्या ना. पन काका, होडी हाय तवर काठी लागते, परत आना," म्हणाली. त्यांनी काठीच्या टोकाला आकडा बांधला आणि ती स्कूटरला आडवी लावून सीवूडवरून लोकांच्या शिव्या खात घरी आणली.

पुढच्या रविवारी बाईही बरोबर निघाल्या. पारसिकच्या उतारावर एक जुनं जांभूळ आहे, पहिला मान त्याला दिला. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची रांग असते, नवराबायकोच्या जोड्या, बूटबीट घालून. पेंडुरकर दगडांवरून चढून झाडाच्या बुंध्याशी गेले, बाई खाली रस्त्यावर पिशवी धरून उभ्या राहिल्या, कारण शेंडा तिथूनच नीट दिसत होता. काठी लांब, वजनदार. वर धरली की डुलायची. पेंडुरकरांना जन्माची सवय, त्यांचा आकडा आपोआप सोयीच्या फांदीकडे वळला.

"अहो," बाईंनी खालून हाक मारली. "अहो, वर."

रस्त्यावरून चाललेले तीन नवरे थांबून मागे वळले. त्यांच्या बायका बाईंकडे बघायला लागल्या. पेंडुरकर तेवढे वळले नाहीत. काठी सावरण्याच्या नादात त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, आणि आकडा आता त्या खालच्या फांदीत अडकायच्या बेतात होता. बाईंनी पुन्हा अहो म्हटलं. चौथा एक गृहस्थ कानातला इअरफोन काढून म्हणाला, मला म्हणालात का. बाईंनी मान हलवली, पिशवी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

"दिनानाथ," त्या ओरडल्या. "आणखी वर."

हाक टेकडीवर स्वच्छ ऐकू गेली. पेंडुरकरांचा हात तिथल्या तिथे थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. आकडा खालच्याच फांदीपाशी धरून ते ऐकू न आल्यासारखे उभे राहिले, आणि बाईंना पुन्हा हाक मारावी लागली.